माळ्यावर आज्ज्याची बंदूक सापडली, आता काय? (नवख्यांसाठी, बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांसाठी)

आमच्याकडं जुनं घर पाडायला काढलं की तीन गोष्टी हमखास निघतात, तांब्याचा हंडा, मोडीतले कागद आणि घोंगड्यात गुंडाळलेली बंदूक. हंडा थोरली काकू नेते, कागद कुणालाच वाचता येत नाहीत म्हणून पोत्यात जातात, आणि बंदुकीभोवती सगळे गोळा होऊन फोटो काढत बसतात. गेल्या काही वर्षांत मला लोक विचारायलेत की असं काही सापडलं तर करायचं काय, किंमत किती, काडतूस घरी भरता येतं का. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतो. मी वकील नाही, मला फक्त जुन्या बंदुकांचं वेड आहे आणि आज्ज्याच्या एका डबलबारच्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीच्या, कागदांसाठी दीड वर्ष ऑफिसं फिरलोय, तेवढाच अनुभव.

सगळ्यात आधी, हात लावू नका. खरंच सांगतोय. ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडाकडनं दारू-गोळी ठासून भरायची, असली तर तिच्यात बार भरलेला असू शकतो, आणि तो पन्नास-साठ वर्षांचा जुना असला म्हणून मेलाय असं नसतं, काळी दारू कोरडी राहिली तर तशीच जिवंत राहते. पूर्वी लोक डुकराच्या राखणीला रात्री बंदूक भरून ठेवायचे, डुक्कर आलं नाही की ती तशीच कोपऱ्यात राहायची, आणि ठासणीच्या बंदुकीतला बार काढायचा सोपा उपाय म्हणजे उडवणं, नाहीतर राहू दे. आमच्या तात्यांनी तर पोरांना चाप ओढून दाखवला होता, नशीब चांगलं म्हणून कॅप, म्हणजे बार पेटवणारी टिकली, नव्हती. भरलीय का ते जाणकार माणूस असं बघतो: तोंडासमोर न उभं राहता नळीत लाकडी काठी हळूच आत सोडायची, काठीवर खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून बघायची की तिचं टोक मागच्या कानापर्यंत (आग आत जाते ते भोक) पोचतंय का. चार बोटं कमी पडली तर आत काहीतरी आहे, आणि मग ते काढायचं काम लायसन्सवाल्या गनस्मिथचं, तुमचं नाही, गावातल्या लोहाराचं तर अजिबात नाही. मोडणारी असेल, म्हणजे मधून दुमडून मागनं काडतूस घालायची, तर त्यात काडतूस राहिलेलं असू शकतं.

आता कागद. बंदूक ओळखायच्या आधी कागद शोधा, कारण बंदूक कुठली आहे हे नंतर कळलं तरी चालतंय, कागद नसताना ती घरात असणं हाच प्रश्न आहे. १९५९ चा आर्म्स ॲक्ट सरळ सांगतो की बंदूक बाळगायला लायसन्स लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत. "आमच्या आज्ज्याची आहे" हे उत्तर चालत नाही. आणि कुणीतरी नेहमी म्हणतो की कोडगूत लायसन्स लागत नाही, आपण पण कर्नाटकातच की. ती सूट कोडवांना आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरेच्या, जमीनवाल्यांना ब्रिटिशांच्या काळापासून आहे, आपल्याला नाही, विषय संपला.

ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या मागं, एलआयसीच्या फायलीत, सगळीकडं बघा. जुन्या लायसन्सच्या पुस्तिकेवर इंग्रजीत अक्षरं असतात ती अशी वाचायची: एसबीएमएल म्हणजे एकनळी ठासणीची, एसबीबीएल म्हणजे एकनळी पण मागनं भरायची, डीबीबीएल म्हणजे डबलबार. ही चार अक्षरं आणि बंदुकीवरचा नंबर जुळला की अर्धं काम झालं. आपल्या भागात एक गंमत आहे, १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळं त्याच्या आधीच्या कागदांवर मुंबई सरकारचा शिक्का असतो, आणि चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होता. म्हणजे आज कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्या चंदगडकराच्या घरात बेळगावच्या कलेक्टरचं लायसन्स सापडू शकतं, घाबरू नका, ते बनावट नाही. माझ्या एका मावसभावाला त्यावरनं चांगलंच फिरवलं, इकडचे म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात इकडं जा. शेवटी त्यानं दोन्ही ठिकाणी लेखी अर्ज टाकून पोच घेतली तेव्हा फाईल हलली. तोंडी विचारू नका, पोच घ्या.

लायसन्स सापडलं आणि लायसन्सदार वारलेत, तर मार्ग आहे. आर्म्स ॲक्टचं कलम २१ म्हणतं की बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की विनाकारण वेळ न घालवता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायचं. तुम्ही स्वतःहून गेलात हे महत्त्वाचं आहे. शक्य असेल तर ओळखीच्या वकिलाला बरोबर घ्या आणि आधी ठाण्यात फोन करून सांगा, बंदूक मोटरसायकलला आडवी बांधून थेट ठाण्याच्या दारात जाऊ नका (हे झालेलं आहे, मी नाव सांगणार नाही). जमा करताना पावतीवर नंबर, मेकरचं नाव, किती नळ्या, दस्त्याला कुठं तडा, सगळं लिहून घ्या आणि आधी फोटो काढून ठेवा. आमची बंदूक परत आली तेव्हा एका घोड्याचा स्क्रू गायब होता आणि पावतीवर फक्त "एक जुनी बंदूक" लिहिलेलं, मग काय बोलणार.

त्यानंतर वारसाच्या नावे लायसन्ससाठी अर्ज. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये वारसांची तरतूद आहे, आणि त्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते: लायसन्सदार जिवंत असतानाही ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं असली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाच्या नावे देऊ शकतो. म्हणजे आज्जा अजून धडधाकट असतील तर आत्ताच करून घ्या, नंतर चार काका आणि सहा आत्यांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा ते बरं. लागतं काय तर मूळ लायसन्स, मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल ऑफिस) वंशावळ, बाकी वारसांची ना हरकत, आणि हत्यार सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. बेळगाव शहरात असाल तर पोलीस कमिशनर ऑफिस, बाकी तालुक्यांना डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिस. बरेचसे फॉर्म कन्नडात असतात, वाचता येत नसेल तर लाजू नका, बाहेर झेरॉक्सवाल्याकडं दहा मिनिटांत कुणीतरी सांगतं. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या, आणि वारसानं आली म्हणून ही मर्यादा सुटत नाही. आणखी एक, इलेक्शन लागलं की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो, तो पाळा, आणि पुन्हा तेच, पावती.

कागदच नाहीत, कुणाची होती माहीत नाही, असं असेल तर मात्र एकट्यानं काही करू नका, वकील गाठा. "ही तर अँटिक आहे, हिला लायसन्स लागत नाही" हे मी शंभर वेळा ऐकलंय. कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण ती जुन्या, कालबाह्य किंवा मोडक्या अशा हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही. नळी धड आहे, कान उघडा आहे, घोडा पडतोय, तर ती चालू शकते, मग ती पेशव्यांची असो नाहीतर पानिपताहून आलेली. चालते की नाही हे ठरवणारे तुम्ही नाही.

आता मजेचा भाग, ओळख. इथं मी थोडा रेंगाळणार.

पहिल्यांदा बघायचं आग कशी लागते. जामगी म्हणजे पेटती दोरी नागमोडी लोखंडात धरून रंजकावर टेकवायची, ती तोड्याची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, ती चकमकीची. आणि घोडा हातोडीसारखा, टोकाला पोकळ, तो एका छोट्या बोंडावर ठेवलेल्या तांब्याच्या टिकलीवर पडतो, ती कॅपची. आपल्याकडं घरात सापडतात त्या बहुतेक कॅपच्या किंवा मग मागनं भरायच्या बारा बोअर. तोड्याची कुणी विकायला आणली तर आधी शंका घ्या. नंदगडकडच्या एका मित्रानं "कित्तूरच्या लढाईतली" म्हणून एक घेतली होती, आता कित्तूरची लढाई १८२४ ची आणि कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडलाच १८३१ मध्ये फाशी दिली, म्हणून आमच्या भागात प्रत्येक जुन्या लोखंडाला हा इतिहास चिकटवतात. त्याच्या बंदुकीचा कान आरपार भोकच नव्हता, नुसता टोचा मारलेला, आणि दस्त्याच्या पितळी पत्र्याला फुलीचे स्क्रू. फुलीचा स्क्रू विसाव्या शतकातला. मित्र अजून म्हणतो की दुरुस्ती केली असेल.

कॅपच्या बंदुकीच्या घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर, तिला लॉकप्लेट म्हणतात, टॉवर असं इंग्रजीत आणि मुकुट दिसला तर ती एनफिल्डच्या घराण्यातली असू शकते, १८५३ चं मॉडेल, .५७७ इंचाचं. कंपनी सरकारची असेल तर मागच्या दोन पायांवर उभा सिंह मुकुट धरून असतो, ती खूण साधारण १८०८ नंतरची, त्याच्या आधी पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची खूण असायची. नळीवर २५ असा आकडा दिसला की लोक म्हणतात पंचवीस नंबरची तोफ. तो बोअर आहे, म्हणजे नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या २५ गोळ्यांचं वजन एक पौंड. बारा बोअरचं पण तेच, १२ गोळ्या एक पौंड, म्हणून आकडा लहान तेवढी नळी मोठी. बारा बोअरची नळी .७२९ इंच, वीस बोअरची .६१५. फोर टेनचा हिशोब मात्र वेगळा, ती सरळ .४१० इंच.

बारा बोअरवरचं नाव वाचून खूश होऊ नका. नळीवर कलकत्त्याच्या मँटनचं किंवा रॉडाचं नाव असतं (हीच ती रॉडा कंपनी जिची माऊझर पिस्तुलं १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली, पन्नास पिस्तुलं आणि ४६ हजार गोळ्या), पण दुकानदाराचं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव एक असेलच असं नाही. खरं सांगतात ते प्रूफ मार्क, म्हणजे नळी तपासून मारलेल्या खुणा. नळी दस्त्यापासून सोडवली की तिच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूला सपाट जागा असते, तिथं. तिरपा उजेड पाडा, खिडकीतला सकाळचा उत्तम, खडूची पूड बोटानं हलकी चोळा, अक्षरं वर येतात, मग मोबाईलनं फोटो. लंडनची खूण मुकुटाखाली गुंफलेली जीपी आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं, तिथल्या जुन्या खुणा म्हणजे फुलीसारखे दोन राजदंड, १९०४ नंतर मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी, १९५४ नंतर बीएनपी. बेल्जियमच्या लिएजची खूण अंडाकृतीत ईएलजी आणि तारा, १८९३ नंतर तिच्यावर मुकुट पण. एनपी, बीएनपी किंवा बेल्जियमचा सिंह आणि पीव्ही असेल तर ती बिनधुराच्या, म्हणजे आजच्या काडतुसातल्या, दारूसाठी तपासलेली, नाहीतर ती फक्त काळ्या दारूची समजायची.

आमच्या आज्ज्याची बंदूक तीन पिढ्या "विलायतची" म्हणून मिरवली. खडू चोळला, आणि खाली ईएलजी. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, बेल्जियम म्हणजे पण विलायतच की.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी, नाहीतर मोराच्या पिसासारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून केलेली. दिसायला इतकी सुंदर की नजर हटत नाही आणि आजचं काडतूस तिच्यात घालणं म्हणजे हात गमवायची तयारी. पट्ट्यांच्या जोडात आतनं गंज धरतो तो बाहेरनं दिसत नाही.

आणि आत चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी. जुन्या इंग्लिश बंदुकांची चेंबर बहुतेक ६५ मिलिमीटरची, आज ७० मिलिमीटरचं काडतूस सगळीकडं. यात फसवणूक अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये गुपचूप बसतं, कारण ती लांबी उडवल्यावर तोंड उलगडल्यानंतरची असते. उडवलं की ते तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीत दाब वाढतो. खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान काडतुसं आपल्याकडं सगळे वापरतात, पण खोक्यावरची लांबी वाचणारा माणूस मी अजून बघितला नाही.

रायफल सापडली तर वेगळा विषय. .३०३ असेल, जीआरआय आणि मुकुट असेल, म्हणजे इशापूरची ली-एनफिल्ड, तर ती प्रोहिबिटेड बोअर, साधं लायसन्स चालत नाही. पोलिसांची .४१० ची मस्केट पण त्यातच येते, दिसायला साधी छर्ऱ्याची असली तरी. रिटायर सुभेदाराच्या ट्रंकेतली .४५५ ची वेबली रिव्हॉल्व्हर पण त्यातच. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून आहे, त्यामुळं अशा ट्रंका आपल्याकडं कमी नाहीत. यासाठी सगळ्यात आधी वकील, मग ठाणं, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो अजिबात नाही. .३१५ ची रायफल दिसली तर ती सिव्हिलियनसाठीची, .३०३ लोकांना देत नव्हते म्हणूनच तो बोअर आपल्याकडं एवढा चालला.

आता काडतूस घरी भरायचा प्रश्न, तो सगळ्यात जास्त येतो. आज्ज्याच्या पेटीत पितळी केस, छर्ऱ्याचं माप आणि काडतुसाची कड वळवायचं हँडलवालं मशीन होतं, टेबलाला अडकवायचं, शेवया पाडायच्या मशीनसारखं. आमची आज्जी खरंच त्याला शेवयाचं मशीन म्हणायची. त्या काळी शिकारीवाले घरी भरत असत. आज कलम ५ प्रमाणं काडतूस बनवणं हे दारूगोळा बनवणं आहे आणि त्याला वेगळं लायसन्स लागतं, तुमचं बंदुकीचं लायसन्स असलं तरी ते त्यात येत नाही. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून डोकं फिरवून घेऊ नका, तिथला कायदा वेगळा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, काळी दारू आणि बिनधुराची दारू यांची ताकद इतकी वेगळी की मापात एक चूक आणि शंभर वर्षांची नळी सालासारखी उलगडते. म्हणून मापं मी सांगणार नाही, विचारू पण नका. रिकामी पितळी केस, एली या इंग्लिश कंपनीच्या कॅपच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या, दारू ठेवायचं शिंग, हे शोकेसमध्ये छान दिसतं. जुनी भरलेली काडतुसं सापडली तर ती मात्र शोकेसमध्ये नाही, ती बंदुकीबरोबरच ठाण्यात.

खरं तर नवख्यानं जमवायला सुरुवात याच गोष्टींपासून करावी. बंदूक एक असली तरी पुरते, पण जुनी लायसन्स पुस्तिका, दुकानांची छापील बिलं, कॅटलॉग, यातनं जेवढं कळतं तेवढं बंदुकीतनं कळत नाही. आणि डोळा तयार करायला कित्तूरचं म्युझियम आहे, कोल्हापूरचा न्यू पॅलेस आहे, तिथं काचेपलीकडनं तासभर लॉक बघत उभं राहा, गार्ड दोनदा हटकेल, चालतंय.

शेवटी सांभाळणं, लायसन्स झाल्यावर. पॉलिश पेपर लावू नका. तात्यांनी लिंबू आणि राखेनं एका नळीची बाजू चकाचक केली, तिथली तपकिरी झाक आणि नक्षी दोन्ही गेली, आता ती बाजू स्टीलच्या पाईपसारखी दिसते, किंमत अर्धी झाली असेल. मऊ कापड, मशीनचं पातळ तेल, एवढंच. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. लाकडाला जवसाचं तेल, थेंबभर, तळहातानं चोळून. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेली बंदूक दिवाळीपर्यंत गंजलेली मिळते, चामडं ओल धरून ठेवतं, त्यामुळं पावसाळ्यात कव्हरबाहेर, कुलपात, महिन्यातनं एकदा पुसून.

आणि खंडेनवमीला पूजा करताना हळद-कुंकू ओलं करून नळीला लावतात, तिथंच दसऱ्यानंतर ठिपके पडतात. मी वहिनीला सांगितलंय, दस्त्याला लाव, नळीला नको. ती तरी एक बोट नळीला लावतेच, मग रात्री सगळे झोपल्यावर मी पुसून घेतो.